जवळजवळ लागलेले बाण

६ जून, संध्याकाळी सात

आजपासून रोजनिशी. मराठीत, कारण कोरियातल्या या अख्ख्या गोजे बेटावर मराठी वाचणारी माणसं दोनच. एक मी. दुसरे बाबा, आणि ते नव्या जहाजाच्या चाचणीसाठी समुद्रात आहेत. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की कॉलेज मी सोडलं. कॉलेजचं सेमिस्टरपुरत्या निलंबनाचं पत्र आलं ते नंतर. बुसानला मेकॅनिकलचं तिसरं सेमिस्टर चालू होतं. प्रोफेसरांनी माझं ड्रॉइंग चौथ्यांदा परत केलं म्हणून मी लोखंडी पट्टी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फेकली. कोणालाही लागली नाही. याची कुणी दखल घेत नाही. आदल्या दिवशी लॅबमध्ये सोराने मला सांगितलं होतं की आपण खूप चांगले मित्र आहोत. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

आता योजना. सोरा याच गावची. लहानपणापासून धनुष्य चालवते. टेकडीवर जुना तिरंदाजीचा मंडप आहे, तिथले गुरुजी म्हणजे तिच्या आईचे वडील. छुसकच्या सणाला सगळा देश आपापल्या घरी जातो, तशी तीही येणार. सणानंतर दोन दिवसांनी मंडपाची स्पर्धा, त्यात ती दरवर्षी उतरते. यंदा छुसक सहा ऑक्टोबरला. म्हणजे माझ्याकडे चार महिने. तोपर्यंत मी पाचपैकी पाच बाण मारत असेन. ती बघेल. पुढचं आपोआप होईल.

बाबांनी जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे : "राहण्याचा परवाना विद्यार्थी म्हणून मिळालाय, ३१ ऑक्टोबरपर्यंत. कॉलेजला परत जा, नाहीतर आईकडे नाशिकला जा." आई आणि धाकटी दोन वर्षांपूर्वीच परत गेल्या. मी नाशिक सोडलं तेव्हा सात वर्षांचा होतो. मला तिथला एक हौद आठवतो. हौदासाठी कोणी परत जातं का?

७ जून

पहिला दिवस. अपेक्षेपेक्षा चांगला.

मंडपात शिरताच भिंतीवरच्या लाकडी पाटीला वाकून नमस्कार करायचा. मी अर्धा केला. नेम धरताना बोलायचं नाही, हाही नियम. ठीक आहे, मी तसाही मितभाषी आहे.

तिसरा नियम मात्र मला पटला नाही. दिवसातून पहिल्यांदा धनुष्य उचललं की मोठ्याने म्हणायचं, "धनुष्य शिकतोय." मग आजूबाजूचे सगळे म्हणतात, "भरपूर लागोत." ताक गुरुजी पंचावन्न वर्षं धनुष्य चालवतात, अंगणात त्यांच्या नावाचा दगड आहे, तरी तेही रोज सकाळी म्हणतात की शिकतोय. मला विचाराल तर हे ढोंग आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "जिंकायला आलोय."

 कोणीच काही म्हणालं नाही. छाप पडली असावी.

माझ्याबरोबर आजपासून आणखी एक नवखी आहे. बोंग आजी, वय एकाहत्तर. चाळीस वर्षं समुद्रात बुड्या मारून कालवं आणि शंख काढले, आता गुडघे थकले म्हणून इकडे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोरा, दोन शब्द आहेत, म्हणून टाक, जीभ झिजते का?" मी दुर्लक्ष केलं. तिच्याशी स्पर्धा करण्यात मला रस नाही.

९ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढायची असते, त्यासाठी अंगठ्यात शिंगाची जाड अंगठी घालतात. गुरुजींनी कपाटातून एक खोकं काढलं, चाचपून एक अंगठी मला दिली. म्हणाले, "घालून बघ. घट्ट वाटली तर बदल, खोकं इथेच असतं. आमची नातसुद्धा लहानपणी याच खोक्यातली वापरायची."

याच खोक्यातली!

घरी येऊन दिव्याखाली बघितली. आतल्या बाजूला बारीक चरा आहे. नखाचा असू शकतो. तिच्या.

थोडी घट्ट आहे. पण बदलणार नाही.

१४ जून, रविवार नाही तरी रविवारसारखा

आठ दिवस नुसतं रिकामं धनुष्य ओढतोय. बाण नाही. ओढायचं, धरायचं, हळूच परत सोडायचं. महिनाभर असंच, म्हणे. माझा खांदा आधीच तयार आहे, पण गुरुजींना ते कळायला वेळ लागेल.

जुन-हो काल सैन्यात भरती झाला. शाळेतल्या आमच्या घोळक्यातला शेवटचा. डोकं भादरून गेला. मी बसस्टँडवर गेलो होतो. त्याच्या आईने मला मिठी मारली आणि विचारलं, "तुझं कधी?" मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मला एक केळं दिलं.

वीस-एकवीस वर्षांचा एकही मुलगा सध्या या गावात नाही. सगळे दीड वर्षाच्या सक्तीच्या सेवेला गेले. अकरा वर्षं त्यांच्याबरोबर एका बाकावर बसलो, एका वाडग्यातून नूडल्स ओढल्या, पण बोलावणं आलं ते त्यांनाच. मी परदेशी. मला कोणी बोलावत नाही. तसं ते बरंच आहे. सरावाला शांतता लागते.

घरी आल्यावर राइस कुकर बायकी आवाजात म्हणाला, चविष्ट भात तयार झाला आहे, हलवून घ्या. मी म्हटलं, हो हो, घेतो.

२१ जून

किरकोळ अपघात.

रिकामी दोरी कधीच सुटू द्यायची नाही असं गुरुजींनी सांगितलं होतं. बाण नसला की सगळा जोर धनुष्यालाच बसतो. मला ते माहीत होतं. पण बोंग आजी शेजारी उभी राहून इतकी सावकाश श्वास घेत होती की माझं डोकं फिरलं. पूर्ण ताणलं आणि सोडलं.

धनुष्य उलटं वळलं, फटकन आवाज झाला आणि एक टोक चिरलं. मंडपाचं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. मी तयारीत होतो, उत्तरंही जमवली होती. गुरुजींनी ते उचललं, चिरलेल्या जागेवरून बोट फिरवलं, फडक्यात गुंडाळलं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर आले, दुसरं धनुष्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून."

ओरडले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

संकल्प : राग गिळायचा. उद्यापासून रोज पहाटे ध्यान.

२२ जून

उठलो साडेदहाला.

८ जुलै

पावसाळा. चटईला कुबट वास. आज बाण मिळाला!

पण दोरी बांधलेला. बाणाच्या मागे दोरी, दोरीचं दुसरं टोक खांबाला. सोडला की चार-पाच मीटर जातो आणि परत ओढला जातो. गळ्यात पट्टा घातलेल्या कुत्र्यासारखा. मी म्हटलं, "गुरुजी, मी लहान मूल आहे का?" ते म्हणाले, "लहान मुलाला आम्ही खोट्या टोकाचा देतो, तुझ्या बाणाचं टोक खरं आहे." बोंग आजी खोकल्याचं निमित्त करून हसली.

सोराला निरोप पाठवला : "पाऊस पडतोय." निरोपाशेजारचा एकचा आकडा चार मिनिटांत गेला, म्हणजे वाचला. उत्तर आलं : "हाहा इथेही." गेल्या वेळी एकच हा होता. आज दोन. प्रगती.

२० जुलै

आजपासून मोकळे बाण. शेवटी.

समोर दरी, दरीपलीकडे उतारावर तीन लाकडी फळ्या, एकीशेजारी एक. प्रत्येकीवर लाल वर्तुळ. अंतर एकशे पंचेचाळीस मीटर. इथून ती फळी काडेपेटीएवढी दिसते, जवळ गेल्यावर कळतं की माझ्यापेक्षा उंच आहे. बाण लागला की वरचा दिवा लागतो, आणि मग अर्ध्या क्षणाने ठक् असा आवाज येतो. आधी उजेड, मग आवाज. मी दुसऱ्यांचे ऐकले.

माझे आज २० बाण. लागले : ०. जवळजवळ लागले : ९.

जवळजवळ म्हणजे काय ते मी ठरवतो.

आजही तो मंत्र म्हटला नाही. आता सगळ्यांना सवय झाली आहे. मी रांगेत उभा राहिलो की ते थोडे थांबतात, मी काही म्हणत नाही, मग ते आपापल्या कामाला लागतात.

२ ऑगस्ट

लागले : ०. जवळजवळ : १७. वारा होता.

५ ऑगस्ट

लागले : ०. जवळजवळ : २१. वारा नव्हता, त्यामुळे अंदाज चुकला.

९ ऑगस्ट

बोंग आजीला लागला.

सकाळी नऊ वाजता. मधल्या फळीचा दिवा, ठक्. तिने धनुष्य खाली ठेवलं, पदराने वगैरे नाही, टोपीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अगंबाई, तिथवर पोचलाच की." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला बाण लागला की त्या माणसाने सगळ्यांना खाऊ घालायचं अशी इथली रीत. ती घरी जाऊन तासाभरात तांदळाच्या वड्यांचं पातेलं घेऊन आली. म्हणजे आधीच करून ठेवल्या होत्या. रोज ठेवत असणार.

मी पाच खाल्ल्या. सहावी तिने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या वड्या कधी खायच्या रे? माझे दात आहेत तोवर बघ."

तिचं यश समजण्यासारखं आहे. बुड्या मारून तिचा श्वास मोठा झालाय. तिला प्रेम, भविष्य असल्या कसल्या काळज्या नाहीत. नवरा समुद्रातच गेला, असं कोणीतरी सांगत होतं.

२५ ऑगस्ट

कॉलेजच्या नव्या सेमिस्टरची नोंदणी आज संध्याकाळी पाचला बंद झाली. मी चार वाजून पन्नास मिनिटांपर्यंत संगणकासमोर बसलो होतो. पाच वाजता उठलो. कुकर लावला.

बरोबरच केलं. ध्येय एक असावं.

सोराला निरोप : "नवं सेमिस्टर कसं?" एकचा आकडा अजून तिथेच आहे. तिचा फोन बिघडला असावा.

२८ ऑगस्ट

फोन सुधारला. उत्तर : "हाहा ठीक. तब्येतीला जप." तब्येतीला जप! असं कोणी मित्राला लिहितं?

११ सप्टेंबर

अंगठा निळा पडलाय. ऑगस्टच्या उकाड्यात सुजला, अंगठी रुतली आणि आता साबणानेही निघत नाही. त्यामुळे दोरी सोडताना एक बारीक झटका बसतो आणि बाण डावीकडे जातो. मी उजवीकडे नेम धरून ते जुळवून घेतलंय.

गुरुजींनी आज तिसऱ्यांदा खोकं पुढे केलं. म्हणाले, "माका, ही बदल." माझं मकरंद हे नाव इथे कोणाच्या तोंडात बसत नाही. मी म्हटलं, "मला हीच चालते." ते म्हणाले, "अंगठीने तुझ्याप्रमाणे चालावं की तू अंगठीप्रमाणे?" मी म्हटलं, "गुरुजी, हा माझा खासगी प्रश्न आहे." आवाज जरा चढला. त्यांनी खोकं परत कपाटात ठेवलं.

बोंग आजी पायऱ्या उतरताना म्हणाली, "मुलगी आहे का रे?" मी म्हटलं, "कसली मुलगी?" ती म्हणाली, "अंगठा काळा पडेपर्यंत कोणी शिंगाचा तुकडा जपत नाही." आणि वर म्हणाली, "पाण्याखाली शंख हाताला लागला आणि श्वास संपला, तर शंख सोडायचा असतो. सोडणाऱ्या म्हाताऱ्या होतात."

काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. बायका वय झालं की असं बोलतात.

२१ सप्टेंबर

आईचा फोन. दर रविवारी येतो. पूर्वी याच वेळेला शुद्धलेखन घालायची, इथे असताना. तिने विचारलं, "जेवलास का?" म्हटलं, "हो." "काय?" म्हटलं, "भात, समुद्रशेवाळाचं सूप." ती म्हणाली, "कोणाबरोबर?" मी म्हटलं, "मित्रांबरोबर."

धाकटी मागून ओरडली, "दादा, तुझी खोली मला दिलीय, आलास तर हॉलमध्ये झोपशील का?"

येत नाही म्हटलं.

आजचे : ०. जवळजवळ : ३८. आतापर्यंतचा उच्चांक.

१ ऑक्टोबर

आठवडा उरला. पांढरी पँट आणली. स्पर्धेला सगळे पांढऱ्यात असतात. एकच माप शिल्लक होतं, कंबरेला सैल. दोरीने बांधली की कळत नाही.

आरशासमोर सराव केला. तिला काय म्हणायचं ते पाठ केलं. पहिलं वाक्य सहज : "अरे, सोरा, तू इथे?" दुसरं वाक्य तिच्या उत्तरावर.

पाचपैकी पाच आता कठीण आहेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण एक लागेलच. एवढे दिवस जे जवळजवळ लागलेत ते कुठेतरी जमा होत असणार. एक बाण. एवढंच हवंय. तो लागला की मी या मंडपाचा झालो, वड्या मी आणायच्या, आणि ती तिथे असेल. मग कोणी मला परदेशी म्हणून दाखवावं.

वड्यांची ऑर्डर देऊन आलो. तीस माणसांची.

६ ऑक्टोबर, छुसक

सणाचा दिवस. खिडकीतून बघितलं, सगळ्या इमारतींखाली गाड्या, पोरं, भेटींचे खोके. दुपारी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या बाई, अर्धचंद्राच्या आकाराच्या वड्यांची ताटली घेऊन. म्हणाल्या, "घरात कोणी नसणार म्हटलं." मी म्हटलं, "आहेत की, सगळे झोपलेत."

बाबांचा निरोप : चाचणी लांबली. दहा तारखेला येतो.

८ ऑक्टोबर, दुपार

आत्ताच आलोय. क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको. कोणी म्हणजे मीच.

सोरा नऊला आली, आईबरोबर. पांढऱ्या कपड्यात. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. मी म्हणालो, "अरे, सोरा, तू इथे?" ती म्हणाली, "मी इथलीच आहे! तू इथे काय करतोयस? सगळे म्हणाले, माका भारतात गेला." मी म्हटलं, "मी तुला निरोप पाठवत होतो की." ती म्हणाली, "हो ना, मला वाटलं तिकडूनच पाठवतोयस. पाऊस पडतोय म्हणालास ना, मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, तिकडेही आपल्यासारखाच पाऊस."

दुसरं वाक्य यावर बसणारं नव्हतं.

आमची पाळी अकराला. मी, बोंग आजी आणि आणखी तिघे, मधल्या फळीवर. सोरा पुढच्या गटातली, म्हणून माझ्या पाठीमागेच उभी. आजी खणखणीत म्हणाली, "धनुष्य शिकतेय," सगळा मंडप म्हणाला, "भरपूर लागोत." सोराचा आवाज त्यात वेगळा ओळखू आला. मग मी. सगळे थांबले. मी मागे वळून बघितलं. सोराचं तोंड उघडं होतं, ती काहीतरी म्हणणार होती. मी काहीच बोललो नाही आणि पुढे वळलो. मनात म्हटलं, बाणच बोलेल.

पहिला दरीत. दुसरा दरीत. तिसरा फळीच्या मागच्या पाइनच्या झाडात. चौथा कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही.

पाचवा. अंगठ्यात कळ आली, मी धरून ठेवला, सोडला. बाण वर गेला, मान वाकवून खाली उतरला, आणि दिवा लागला. मग ठक्.

मी ओरडलो. नियम वगैरे सगळं विसरलो, धनुष्य डोक्यावर धरून दोन उड्या मारल्या, पँटची दोरी सुटली, एका हाताने ती धरली आणि तशीच तिसरी उडी मारली. वळून सोराकडे बघितलं.

बोंग आजीने माझी बाही ओढली. हळूच म्हणाली, "पोरा, तो शेजारचा."

डाव्या फळीचा दिवा लागला होता. आमची मधली.

कोणी हसलं नाही. नेम धरताना बोलायचं नाही हा नियम आहे, आणि पुढचा माणूस नेम धरून उभा होता. हसले असते तर बरं झालं असतं.

नंतर सोराने माझा अंगठा बघितला. म्हणाली, "अरे देवा, हे काय करून घेतलंस?" तिने माझा हात हातात घेतला. खरंच घेतला. नळाखाली नेऊन तेल आणि साबण लावून पाच मिनिटं ती अंगठी फिरवत होती. निघाली तेव्हा मला ओरडायचं होतं, ओरडलो नाही. मी विचारलं, "ओळखलीस का?" ती उलटसुलट करून बघत म्हणाली, "हो, ही बालवाडीची पोरं सहलीला येतात ना, त्यांना फोटोपुरती घालायला देतात ती. आजोबा पण ना!" मी म्हटलं, "तुझी नाही?" तिने स्वतःचा अंगठा दाखवला. "माझी ही काय, अकराव्या वर्षापासून हीच."

चरा पोरांनी पाडला असणार.

मग विचारलं, मगाशी काय म्हणणार होतीस. तिला आधी आठवेना. मग म्हणाली, "अच्छा, ते! भरपूर लागोत म्हणणार होते. पण तू काही म्हणालाच नाहीस तर उत्तर कसं देणार?"

तीन वाजताच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "तब्येतीला जप." आईलाही तेच म्हणाली. ड्रायव्हरलाही म्हणाली असेल.

वड्या आल्या. तीस माणसांच्या. परत पाठवता येत नव्हत्या. बोंग आजीने पातेल्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "माकाच्या वड्या, शेजारची फळी पण लाकडाचीच आहे, खा." सगळ्यांनी खाल्ल्या.

९ ऑक्टोबर

काही नाही.

१० ऑक्टोबर

बाबा आले. थकलेत. त्यांनी फ्रिजवरची चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं, मग चिठ्ठी काढून खिशात घातली. राइस कुकर बोलला तेव्हा आम्ही दोघंही एकदमच हो म्हणालो.

जेवताना म्हणाले, "एकोणतीसचं तिकीट काढतो. मार्चच्या सेमिस्टरला परत यायचं असेल तर अर्ज तू करायचास, मी नाही." मी वाद घालणार होतो. आणखी भात वाढून घेतला.

१२ ऑक्टोबर, सकाळ

बाबांनी विचारलं, "चार महिने काय केलंस?" म्हटलं, "चला दाखवतो."

मंडपात कोणी नव्हतं. सगळे पलीकडच्या गावच्या स्पर्धेला गेले होते. माझ्या खणात गुरुजींनी एक नवी अंगठी ठेवली होती, कागदात गुंडाळून. घातली. बसली. सैल नाही, घट्ट नाही. अंगठ्यात काही आहे असं वाटतच नव्हतं.

दिव्यांची वीज बंद होती. लागला असता तरी काही पेटलं नसतं.

पाटीला वाकलो. बाबा बाकावर बसून बुटात गेलेला खडा काढत होते. मी रांगेच्या जागी जाऊन उभा राहिलो. समोर दरी, पलीकडे तीन फळ्या. बाण लावला. आणि मोठ्याने म्हणालो. पहिल्यांदा मलाच ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

बाबांनी मान वर केली. "काय म्हणालास?"

मी मराठीत सांगितलं, "धनुष्य शिकतोय."

ते म्हणाले, "मग शीक की. कोणी अडवलंय?" आणि परत बुटात बोट घातलं.

उत्तर ते नसतं. पण दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेच धरलं आणि सोडला.

अलीकडे पडला. चांगला तीस मीटर अलीकडे. जवळजवळ नाही.

आणायला दोघं गेलो. दरीत उतरून वर यायला अर्धा तास लागला, बाबांचा गुडघा दुखतो.